वाचक विचारतात : स्लीव्हनंतर झोपायचं कसं?

प्रश्न : माझं वय ४३. वजन कमी करण्यासाठी दुर्बिणीतून स्लीव्हची (जठर लहान करण्याची) शस्त्रक्रिया होऊन आज पाचवा दिवस. दिवसा ठीक असते, पण रात्र सरत नाही. आडवं झालं की उजव्या खांद्यात कळ येते, घशाशी आंबट येतं. डोक्याखाली तीन उश्या घेतल्या तर मान आखडते आणि पहाटेपर्यंत मी घसरून खाली आलेली असते. उठताना तर टाके तुटतील असं वाटतं. पूर्वी पालथीच झोपायचे. आता काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी खांद्याचं बघू. शस्त्रक्रियेच्या वेळी पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने छाती आणि पोटामधला पडदा चिडतो. या पडद्याची नस मानेतून निघते, म्हणून कळ खांद्यात जाणवते. बहुतेकांची ती आठवड्याभरात ओसरते. दिवसा दर दोन तासांनी घरातल्या घरात चाला. खांद्यावर गरम पाण्याची पिशवी चालेल, पोटावर नको.

आता उश्या. तीन उश्यांनी फक्त मान उचलली जाते आणि पोट मधेच दुमडतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढलेला असतो. उरलेल्या अरुंद नळीत दाब लवकर वाढतो, त्यात पोट दुमडलं की आंबट वर येणारच. म्हणून चढ कमरेपासून सुरू व्हायला हवा.

त्यासाठी विकतची तिरकी उशी नसली तरी अडत नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूला लोड आडवा ठेवा. त्याच्यापुढे दोन-तीन गोधड्या घड्या घालून पायऱ्यांसारख्या उतरत्या रचा आणि वरून चादर ताणून गादीखाली घट्ट खोचा, नाहीतर मध्यरात्री थर सरकतात. चढ ३० ते ४५ अंशांचा हवा. ४५ म्हणजे सपाट आडवं आणि ताठ बसणं यांच्या बरोबर मधलं. बसताना पार्श्वभाग चढाच्या पायथ्याला अगदी भिडवा. कमरेमागे हात घालून बघा : तळवा सहज आत गेला तर तुम्ही पुढे बसला आहात, आणि रात्री घसराल. एक पातळ रजई गुंडाळून मांड्यांखाली घ्या. गुडघे जरा वाकले की पोटाचे स्नायू सैलावतात आणि घसरणंही थांबतं. मात्र ही गुंडाळी गुडघ्यामागच्या खळगीत दाबून बसू देऊ नका. तिथल्या शिरा दबल्या तर पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो. जाग येईल तेव्हा पावलं वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवा.

उठताना दुखतं, कारण आपण सवयीने सरळ उठून बसायला जातो आणि सगळा जोर पोटावर येतो. त्याऐवजी दोन्ही गुडघे वाकवा. खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर या, मधे पीळ पडू देऊ नका. श्वास सोडत पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी कोपर व तळहाताने अंग वर रेटा. मिनिटभर कडेला बसा, मगच उभ्या राहा. पाणी कमी गेलेलं असतं, भोवळ येऊ शकते. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरा. जमिनीवरची गादी पहिले काही आठवडे नकोच.

कुशीवर साधारण आठवड्याने झोपता येतं, दुखत नसेल तर. डावी कूस बरी, आंबट कमी वर येतं. पोटाखाली एक छोटी उशी सरकवायला विसरू नका. पोटाचा भार खाली लोंबला की वरचे टाके ओढले जातात. दुसरी उशी गुडघ्यांमध्ये. पालथं झोपणं चार ते सहा आठवडे बंद, आणि त्यानंतरही सर्जननी तपासून हो म्हटल्यावरच.

शेवटचा घोट झोपण्याच्या तासभर आधी घ्या. रात्री घसा कोरडा पडला तर उठून बसून घोटभर पाणी घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं किंवा झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आणि हे मात्र नीट वाचा : बसल्या जागी नाडी १२०च्या वर, ताप १०१ फॅरनहाइटच्या वर, धाप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा डाव्या खांद्याची कळ, एकाच पोटरीला सूज, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. टाक्यांच्या रेषेतून गळती किंवा गुठळी असू शकते. त्याच क्षणी सर्जनना फोन करा.

प्रश्न : यजमानांचं हेच ऑपरेशन झालंय. झोपेत श्वास अडकतो म्हणून ते सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावायचे. आता हवेच्या दाबाने आतले टाके उसवतील या भीतीने त्यांनी ते बंद ठेवलंय. बरोबर आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आज रात्रीच सर्जनशी बोलून सुरू करा. सीपॅपमुळे गळती वाढते असं आढळलेलं नाही. उलट वेदनाशामक औषधांची गुंगी असताना श्वास जास्त अडकतो, म्हणून या दिवसांत मशीनची गरज अधिकच. वर सांगितलेला चढ त्यांनाही उपयोगी पडेल. वजन उतरेल तसा चेहरा बारीक होतो, मास्कच्या कडेने हवा सुटते; तेव्हा पट्टे आवळत बसू नका, मास्कचं माप बदला. घोरणं थांबलं एवढ्यावर मशीन सोडायचं नाही. काही महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा करून डॉक्टरच दाब बदलतील किंवा बंद करतील.