उसाचा हंगाम संपल्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली वस्तीवर उभी असते. ती चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही विचारलंय की दिवाळीपर्यंत दोन ट्रॉल्या रानातल्या वस्तीवर उभ्या राहणार, तर साखळी-कुलूप पुरेल की जीपीएस बसवून घ्यावा. दोन्ही करा. पण त्याच्या आधी ट्रॉलीला पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी, नसेल तर ते करून घ्या, आणि चेसीवर अशी एक खूण घालून ठेवा जी फक्त तुम्हाला ठाऊक असेल. कुलपानं चोराला फार तर अर्धा तास उशीर होतो. गेलेली ट्रॉली परत दारात येते ती कागदानं आणि खुणेनं. आमच्या घरात या एकाच गोष्टीवरून भाऊबंदकी व्हायची वेळ आली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही माळशिरस तालुक्यातले, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचे ऊसवाले. माझी ट्रॉली आणि थोरल्या चुलतभावाची, म्हणजे आण्णांची ट्रॉली, विहिरीजवळच्या लिंबाखाली शेजारी-शेजारी उभ्या असायच्या. माझी नवी घेतलेली, बिलासकट, अकलूजच्या आरटीओत पासिंग केलेली. आण्णांची जुनी, बीडकडच्या एका माणसाकडून रोखीनं आणलेली. ना बिल, ना पासिंग, सगळा व्यवहार तोंडी. मी म्हटलं, "आण्णा, कागद करून घ्या." ते म्हणाले, "शेतीच्या ट्रॉलीला कसला आलाय कागद? वजनकाट्यावर कुणी विचारतंय का?"

नवी ट्रॉली आणली त्याच आठवड्यात मी ती गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेली. मागच्या धुऱ्याच्या वर जो आडवा चॅनल येतो, त्याच्या आतल्या अंगाला, स्प्रिंगच्या पाट्यांच्या मागं, उताणं झोपून हात घातल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी वेल्डिंगच्या मण्यांनी वडिलांची आद्याक्षरं आणि आमच्या रानाचा गट नंबर काढून घेतला. गट नंबर एवढ्यासाठी की तो सातबाऱ्यावर आहे, सातबाऱ्यावर माझं नाव आहे, त्याला वेगळा पुरावा लागत नाही. वर रंग मारला. रंग मारायच्या आधी आणि नंतर शेजारी टेप धरून फोटो काढले. आण्णा तिथंच उभे होते. "ट्रॉलीला गोंदवून घेतोय काय रे?" म्हणाले.

चोरी जूनमध्ये झाली. त्या दिवसांत नांगरटीचे ट्रॅक्टर रात्रीही चालू असतात, त्यामुळं आवाज आला तरी कुणी उठून बघत नाही. चोरांनी स्वतःचं हेड, म्हणजे ओढणारा ट्रॅक्टर, आणलं, माझ्या ट्रॉलीमागं आण्णांची जोडली, आणि कारखान्याला ऊस नेतात तशी डबल ट्रॉली करून डांबरी रस्त्याला लागले. साखळी होती, ती कापून तिथंच टाकलेली सापडली. बॅटरीवरचं ग्राइंडर आल्यापासून बाजारातलं नेहमीचं कुलूप कापायला मिनिटभरही लागत नाही.

मी सकाळीच ठाण्यात गेलो. वस्ती दोन हद्दींच्या शिवेवर असल्यानं इकडून तिकडं हेलपाटे झाले, पण गुन्हा त्याच दिवशी नोंदवून घेतला. आण्णा पाहुण्यारावळ्यांना घेऊन मोटारसायकलवर शोधत फिरले. फिर्यादीत त्यांच्या ट्रॉलीचं वर्णन लिहायची वेळ आली तेव्हा सांगण्यासारखं एकच होतं: रंग निळा.

पुढं शेजारच्या जिल्ह्यात एक टोळी धरली गेली आणि बऱ्याच ट्रॉल्या जप्त झाल्या. काही थेट वीटभट्टीवरून उचललेल्या. आम्हाला ओळखायला बोलावलं. मैदानात सगळ्या एका ओळीत, सगळ्यांना एकाच डब्यातला हिरवा रंग मारलेला. चेसी नंबरची पट्टी कशालाच नव्हती. ती दोन रिव्हेटांवर बसवलेली असते, छिन्नीचा एक घाव घातला की निघते. माझ्या ट्रॉलीच्या दांडीवर, म्हणजे जी हेडला जोडतात तिच्यावर, नुसती दोन भोकं उरली होती. मी फौजदारांना बॅटरी मागितली, खाली शिरलो, स्क्रूड्रायव्हरनं चिखल खरवडला. हिरव्या रंगाखाली वेल्डिंगचे मणी बोटाला लागले. साहेबांना म्हटलं, तुम्हीच हात घालून बघा. ते वर्दीसकट खाली वाकले, चाचपून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं आणि पंचनाम्यात घेतलं. फोटो जुळले, आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, जुळलं. कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, ट्रॉली मिळाली आणि त्याच वर्षीच्या गळिताला ती माझ्या हेडमागं होती.

आण्णांनी आपली ट्रॉली फाळक्याच्या, म्हणजे बाजूच्या फळीच्या, पोचावरून ओळखली. जेसीबीचं बकेट लागून तो पोचा पडला होता, मीही तो कैक वेळा बघितलेला. माझ्या मनात शंका नाही की ती त्यांचीच होती. पण तिच्यावर आणखी दोघांनी हक्क सांगितला आणि कागद तिघांकडंही नव्हता. साहेब म्हणाले, पोचा कुणाच्याही ट्रॉलीला पडतो. ती ट्रॉली मैदानातच राहिली, टायर फुटले, साठ्यात गवत उगवलं.

आण्णा आजही सांगतात की याची ठाण्यात ओळख होती म्हणून याची सुटली. माझं तिथं ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. होता तो कागद आणि ते वेल्डिंग.

मला याहून जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. चोरीच्या ट्रॉल्या खपतात का? कारण आपण सगळे बिनकागदाची ट्रॉली स्वस्तात घ्यायला तयार असतो. वीटभट्टीवाल्यानं घेतली तीही अशीच, रोखीनं, तोंडी. चोरीचा माल आहे हे कळून-सवरून घेणाऱ्यालाही भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमाखाली शिक्षा आहे, पण इथं कुणी विचारतच नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. मी आण्णांना एकदा विचारलं होतं, "तुम्ही बीडहून आणली ती तरी कुणाची होती, तुम्हाला ठाऊक आहे का?" त्यानंतर ते बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

आता तुमच्या कामाचं. ट्रॉली ही कायद्यानं स्वतंत्र वाहन आहे, तिची नोंदणी ट्रॅक्टरच्या नोंदणीत येत नाही. नवी घेताना बनवणाऱ्याकडं मान्यता आहे का ते बघा आणि फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र आणि फॉर्म २२ म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. गल्लीतल्या शेडमध्ये मान्यतेशिवाय बनवलेली ट्रॉली चार पैसे स्वस्त पडते, पण तिचं पासिंग होत नाही. विम्याचंही तसंच: ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली आपोआप येत नाही, तिची किंमत दाखवून वेगळा हप्ता भरावा लागतो. पॉलिसी काढून वाचा, बहुतेकांच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेखच नसतो.

चोरी झालीच तर आधी फिर्याद, मग शोधाशोध. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यानं कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. विमा कंपनीलाही लगेच कळवा. उशीर झाला म्हणून क्लेम नाकारला तर गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०२० चा निकाल दाखवा. त्यात ट्रॅक्टरच चोरीला गेला होता. फिर्याद त्याच दिवशी दिलेली, कंपनीला कळवायला मात्र ५२ दिवस लागलेले. फिर्याद वेळेत असेल तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं कोर्टानं सांगितलं. तपास लागला नाही तर पोलीस 'अ' समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही. विम्यासाठी तो कागद लागतोच, त्यामुळं पाठपुरावा सोडू नका. आणि माल सापडला तर ठाण्यात सडू देऊ नका. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच म्हटलंय की जप्त वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन मालकाला द्यावीत. पण मालक कोण, हे दाखवायला कागद लागतो, म्हणून मी पुन्हा तिथंच येतो.

साखळीबद्दल थोडक्यात. ती दांडीला बांधू नका, चाकाच्या डिस्कमधून आणि धुऱ्यावरून फिरवून झाडाला किंवा जमिनीत काँक्रीट केलेल्या कड्याला घ्या. ताणून बांधा, जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवर पडलेल्या साखळीवर कटर टेकवून अंगाचा सगळा भार देता येतो. दांडीचं तोंड भिंतीकडं किंवा झाडाकडं करून ट्रॉली लावा, म्हणजे हेड रिव्हर्स घेऊन जोडता येणार नाही. दांडीच्या कड्यात जाड बोल्ट घालून ठेवला तर पिन बसत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे एका बाजूची चाकं काढून घरात ठेवा आणि धुरा ठोकळ्यावर घ्या. मी आता तेच करतो. नाहीतरी सहा-सात महिने एकाच जागी भारावर उभं राहून टायर खराब होतात, आणि नुसते टायर नेणारेही कमी नाहीत.

जीपीएसवाला तुम्हाला मोटारीचं यंत्र देईल, ते घेऊ नका. ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते, मागच्या दिव्यांना करंट हेडवरून येतो. हेड सुटलं की ते यंत्र काही वेळानं मेलंच. स्वतःची मोठी बॅटरी असलेलं, दिवसातून एक-दोनदाच ठिकाण कळवणारं मागा. ते बंद चॅनलच्या आत बसवू नका, लोखंडातून सिग्नल जात नाही. आणि सिमचं रिचार्ज पावसाळ्यात संपतं तेव्हा कुणाच्या लक्षात राहत नाही, नेमकी तीच चोरीची वेळ. एअरटॅगसारखी बटणं आसपासच्या आयफोनच्या आधारानं चालतात. पुण्या-मुंबईत ठीक, शिवारात चोराच्या मागावर आयफोन कुठून यायचे? आमच्याकडं यापेक्षा ग्राम सुरक्षा यंत्रणा जास्त उपयोगी पडली. एका फोनवर गावातल्या सगळ्यांचे फोन वाजतात.

एक गोष्ट राहिली आणि ती महत्त्वाची आहे. चोरी झाली की गावाचं बोट आधी पालं ठोकून राहणाऱ्या लोकांकडं जातं. आमच्याकडंही गेलं. जरा विचार करा: ट्रॉली न्यायला हेड लागतं, हेड चालवणारा लागतो, आणि वस्तीची वाट अंधारात ठाऊक असावी लागते. आमच्या प्रकरणात सापडला तो आमच्याच भागात एक हंगाम ट्रॅक्टर चालवून गेलेला माणूस होता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं, आणि त्यातली बहुतेक माणसं आमच्या सोलापूर जिल्ह्यातली होती. संशय आला तर रस्ता अडवा, ११२ ला फोन लावा, हात लावू नका. तसंच ट्रॉलीभोवती थेट लाईनचा करंट सोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, रात्री पाणी द्यायला गेलेला घरचाच माणूस त्यात सापडतो.

जुन्या ट्रॉलीचा कागदच नसेल तर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण बरेच जण त्याच अडचणीत आहेत. विकणारा हयात असेल तर त्याच्याकडून आजच्या तारखेला लेखी घ्या, आणि खूण घालून फोटो काढून ठेवा. आरसीची बरोबरी त्यानं होणार नाही, पण आण्णांकडं तेवढंही नव्हतं.

आण्णांनी गेल्या वर्षी नवी ट्रॉली घेतली. बिल आणि फॉर्म २१ कपाटात आहे, पासिंग अजून नाही. आण्णा, तुम्ही हे वाचालच, मुलगा वाचून दाखवेल. सोमवारी अकलूजला मी येतो तुमच्याबरोबर, रांगेत मी उभा राहीन. येताना वेल्डिंगवाल्याकडूनही जाऊ.