आरसा फसला, मावशी नाही

प्रश्न : ताई, माझं वय २२. आठ महिने मोबाइलवर व्हिडिओ बघून पत्त्यांची आणि नाण्यांची जादू शिकतोय. नाणं गायब करणं आरशासमोर एकदम सफाईदार जमतं. पण बहिणीच्या साखरपुड्यात करून दाखवायला गेलो, तर धाकटी मावशी पहिल्याच फटक्यात म्हणाली, "उजव्या हातात आहे, उघड." सगळे हसले. माझ्या बोटांतच काही कमी आहे, की व्हिडिओवरून ही कला येतच नाही? गुरू शोधू का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : तू नातवाच्या वयाचा, म्हणून सरळ अरे-तुरेच करते. बोटं ठीक असणार तुझी. व्हिडिओला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, कारण मी स्वतः कॅसेटवरच शिकले.

बँकेत कॅश काउंटरला होते. १९९४ मध्ये भाच्याने अमेरिकेहून नाण्यांच्या जादूची व्हीएचएस कॅसेट आणली. ती निघाली एनटीएससी, म्हणजे अमेरिकन पद्धतीची, आमचा व्हीसीआर आपल्याकडच्या पॅल पद्धतीचा. पडद्यावर नुसत्या रेघा धावायच्या. गिरगावात आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एकांकडे दोन्ही चालणारा व्हीसीआर होता, तिथे रविवारी दुपारी जाऊन बसायचे. नाणं नाहीसं होतं तेवढाच तुकडा इतक्यांदा मागे नेला, की टेप नेमकी तिथेच झिजली आणि पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात मुंग्या यायला लागल्या. हातच दिसेनात! मग करणार काय, त्या माणसाचं तोंड बघत बसले. तेव्हा कुठे मला नाणं गायब करता यायला लागलं.

त्याने उजव्या हातातलं नाणं डाव्यात 'दिलं' की तो डाव्या मुठीकडे बघायचा. मूठ बाजूला सरकली की नजर, मान, खांदा, सगळं तिच्यामागे. उजव्या हाताकडे ढुंकूनही नाही. व्हिडिओत कॅमेरा सतत हातांवर रोखलेला असतो, शिकवायचे ते हातच ना. त्यामुळे आठ महिने तू हातांकडे बघायची सवय लावून घेतलीस आणि साखरपुड्यात उजव्या हाताकडे चोरून बघितलंस. मावशीला नाणं दिसलंही नसेल. तिने तुझी नजर पकडली.

आरशाचीही एक गंमत आहे. नाणं लपवायच्या नेमक्या क्षणी आपण पापणी मिटतो आणि ते आपल्याला कळतही नाही. मग आरसा कायम पास करणारच. त्यापेक्षा मोबाइल समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर उभा करून स्वतःला रेकॉर्ड कर आणि हळू चालवून बघ.

आता पंधरा दिवस नाणं गायब करूच नकोस. खरोखर डाव्या हातात दे. अंगठा आणि मधल्या बोटात धर, डाव्या तळव्यावर ठेव, मूठ मीट, उजवा हात खाली सोड. रोज वीस वेळा. खरं दिल्यावर उजवी बोटं कशी सैल लोंबतात बघ, आणि डाव्या मुठीत नाण्यापुरती पोकळी राहते तीही. लबाडी करताना आपण नेमकं उलट करतो : रिकामी मूठ घट्ट आवळतो आणि नाणं असलेला हात लाकडासारखा ताठ धरतो. खरं देणं अंगात मुरलं की सोळाव्या दिवशी तसंच दे, फक्त देऊ नकोस.

हातात नाणं लपवून ठेवायची सवय मी लोकलमध्ये लावली. लग्नानंतर बोरिवलीला आले, रोज चर्चगेटपर्यंत बायकांच्या डब्यात, तळव्याच्या फुगवट्यांत रुपयाचं नाणं दाबून. पहिल्या आठवड्यात कडी धरायला हात वर केला आणि नाणं शेजारणीच्या उघड्या डब्यात, भेंडीच्या भाजीत पडलं. तिने शांतपणे पुसून परत दिलं आणि पुढे सहा वर्षं माझी थट्टा केली.

नाण्याचा आकारही बघ. व्हिडिओत बहुधा अमेरिकन हाफ डॉलर असतो, ३०.६ मिलिमीटरचा. आपलं दहाचं नाणं २७ चं, त्यामुळे तीच पकड तुझ्या हातात सुटते आणि तू स्वतःला दोष देतोस. घरात आजीचा चांदीचा राणीछाप रुपया असेल तर मापाला जवळजवळ तोच, वजन ११.६६ ग्रॅम. मी लक्ष्मीपूजनाचाच वापरायचे, सासूबाईंना न सांगता. पण मावशीसमोर दहाचंच काढ. अनोळखी नाणं दिसलं की लोकांना आधी त्यातच काहीतरी काळंबेरं वाटतं.

आणि व्हिडिओतले कोटाचे खिसे, टेबल आपल्याकडे नसतील तर काय करायचं, ते व्हिडिओवाले सांगत नाहीत. साडीला खिसा नसतो. आपल्या घरांत प्रेक्षक समोर टेबलापलीकडे बसत नाहीत. सतरंजीवर, दारात, अगदी पाठीमागे पलंगावरही बसतात. पाठीमागून दिसणारा खेळ करायचाच नाही किंवा आधी भिंत गाठायची. मी जमिनीवर बसले की मांडीवर साडी ताणून झोळी करायचे आणि नाणं तिथे सोडायचे.

गुरूचं म्हणशील, तर माझी गुरू माझी जाऊ. जादूतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. "अगं, अंगठा असा काडीसारखा बाहेर का? भाजलाय का?" एवढंच विचारायची, पण अंगठा तेव्हापासून जागेवर आला. असं तोंडावर बोलणारं माणूस शोध. जाणकार जादूगार भेटला तर उत्तमच, पण त्यासाठी थांबू नकोस.

मावशीने "परत कर" म्हटलं तरी करू नकोस. जगप्रसिद्ध जादूगार हुदिनी म्हणायचा, एकच खेळ मला तीनदा दाखवा, मी पकडतो. १९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन या जादूगाराने हुदिनीचाच पत्ता गड्डीत घालून पुन्हा पुन्हा वर आणून दाखवला आणि त्याला काही कळलं नाही. पण तू व्हर्नन नाहीस, आणि मावशी हुदिनीपेक्षा अवघड. तिने तुला लहानपणापासून खोटं बोलताना पाहिलंय.

प्रश्न : पावसाळ्यात पत्ते चिकटतात, व्हिडिओतल्यासारखा पंखा उघडत नाही. महागडा कॅट घेऊ का?
– एक वाचक, दादर

उत्तर : त्या पत्त्यांवर बारीक खळगे असतात, त्यांत हवा राहते म्हणून ते सुळकन सरकतात. पण आत कागदच. मुंबईच्या जुलैत तो फुगणार. घ्यायचा तर जरूर घ्या, मात्र आधी माप बघा : ते साडेत्रेसष्ट मिलिमीटर रुंद असतात, आपले रमीचे बहुधा ५७. हात लहान असेल तर पत्ता तळव्यात लपवायला अरुंदच बरा. रबरबँड लावू नका, कडा वाकतात. हात साबणाने धुऊन कोरडे करा. डोक्याला तेल चोपडून लगेच पत्ते हातात घेऊ नका. चांगला कॅट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून दिवाळीनंतर काढा. तोवर साधा रमीचाच वापरा. फुगला तर गणपतीत जागरणाला पोरं खेळतील.