वाचकांचे प्रश्न : पार्सल फुटलं, मग पैसे वजनावर का?

प्रश्न : मी बहिणीला परदेशात विमानाने कॅमेरा पाठवला. इन्शुरन्स हवा का विचारलं तेव्हा नको म्हटलं, कारण पार्सल पोचेपर्यंत जबाबदारी कंपनीचीच असते ना. तिला मिळाला तो लेन्स फुटलेलाच. आता कंपनी म्हणते वजनाप्रमाणे पैसे देऊ. फॉर्मवर किंमत लिहिली होती, मग ती का धरत नाहीत?

उत्तर : तुमचं पत्र वाचून खूप वाईट वाटलं, कारण हा गैरसमज फार जणांचा असतो. जबाबदारी कंपनीची असते हे खरंच आहे, पण ती कितीपर्यंत हे आधीच ठरलेलं असतं आणि ते वस्तूच्या किमतीवर नाही तर किलोवर ठरतं. देशादेशांतल्या विमान वाहतुकीसाठी १९९९ चा माँट्रियल करार आहे, त्यात २८ डिसेंबर २०२४ पासून मालासाठी किलोमागे जास्तीत जास्त २६ एसडीआर अशी मर्यादा आहे (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). म्हणजे दोन किलोचं पार्सल असेल तर ५२ एसडीआर, मग आत कॅमेरा असो नाहीतर जुनी पुस्तकं, आणि चूक सरळसरळ कंपनीची असली तरी ही मर्यादा वर सरकत नाही. त्यात पॅकिंग तुम्ही केलेलं असेल आणि ते कच्चं होतं म्हणून फुटलं हे त्यांनी सिद्ध केलं तर तेवढेही हातात पडत नाहीत.

आता फॉर्मवरची किंमत. ती बहुतेक कस्टमसाठी असते, ड्यूटी ठरवायला. भरपाईची मर्यादा वाढवायची तर वाहतुकीसाठी म्हणून किंमत वेगळी जाहीर करून जादा चार्ज भरावा लागतो, किंवा सरळ इन्शुरन्स घ्यायचा, ह्या दोन्ही गोष्टी पार्सल देतानाच करायच्या. आणि कृपा करून ड्यूटी वाचवायला किंमत कमी लिहू नका, क्लेमच्या वेळी तोच कागद समोर ठेवतात. इन्शुरन्स अर्ध्याच किमतीचा काढलात तर थोडंफार नुकसान झालं तरी बऱ्याच पॉलिसीत भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. रोकड, दागिने, काच असलं काही पाठवताना आधी वगळलेल्या वस्तूंची यादी वाचा, नाहीतर प्रीमियम भरूनही उपयोग नाही.

प्रश्न : खोका चेपलेला आला पण घाईत सही केली. आता काही करता येईल?

उत्तर : येईल, पण आजच करा. शेरा न लिहिता सही केली की माल नीट मिळाला असं धरतात, तरी उलटा पुरावा देता येतो. वरच्या करारात नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत करावी लागते, कंपनीच्या स्वतःच्या अटीत किंवा पॉलिसीत मुदत ह्याहून कमीही असू शकते. खोका, आतला फोम, लेबल काहीही टाकू नका, सगळ्याचे फोटो काढा, खरेदीची पावती शोधून ठेवा आणि तक्रार फोनवर नको, ईमेलनेच पाठवा.