घायाळ प्रतिस्पर्ध्यासमोर थांबलेला हात

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपला मुलगा सतरा वर्षांचा असून बारावी वाणिज्य शाखेत शिकतो, चार वर्षे अकोल्यात बॉक्सिंगचा सराव करतो आणि यंदा राज्य स्पर्धेच्या उपांत्य लढतीत पराभूत झाला, असे आपण लिहिले आहे. दुसऱ्या फेरीत त्याच्या डाव्या हुकने (हात वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने) समोरचा मुलगा डळमळून दोरांवर टेकला, तेव्हा आपला मुलगा पुढे जाण्याऐवजी दोन पावले मागे सरला. समोरचा सावरला आणि लढत गुणांवर गेली. ‘याच्यात किलर इन्स्टिंक्टच नाही,’ असे प्रशिक्षक म्हणाले. घायाळ प्रतिस्पर्ध्याला संपवण्याची ही वृत्ती जन्मजात असते का आणि ती नसेल तर त्याने हा खेळ सोडावा का, असे आपण विचारता.

घायाळ प्रतिस्पर्ध्याला संपवण्यात जे मुष्टियोद्धे थोर ठरले, त्यांच्या लढती मी अनेक वर्षे पाहत आलो आहे आणि त्यांचे सामर्थ्य क्रौर्यात होते असे मला कधीच वाटले नाही. ते होते नजरेत, पावलांत आणि श्वासावरच्या ताब्यात. या तिन्ही गोष्टी सरावाने येतात. म्हणून प्रशिक्षकांच्या त्या एका वाक्यावरून मुलाच्या भवितव्याचा निर्णय करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

18 जून 1941 रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झालेली विश्वविजेता जो लुई आणि आव्हानवीर बिली कॉन यांची लढत या बाबतीत फार बोलकी आहे. वजनाने बराच हलका असलेला कॉन बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर पुढे होता आणि बाराव्या फेरीत तर त्याने लुईलाच हलवून सोडले होते. उरलेल्या तीन फेऱ्या तो पूर्वीसारखाच अंतर राखून खेळला असता, तर हेवीवेट (सर्वांत जड वजनगटाचे) विश्वविजेतेपद बहुधा त्याचेच होते. परंतु लुईला आता संपवायचेच, या ओढीने तो तेराव्या फेरीत जवळ जाऊन ठोशाला ठोसा देऊ लागला. लुईला नेमकी तीच संधी हवी होती. त्याचे ठोसे आखूड असत, हात फार मागे न नेता सुटत आणि एकामागून एक अचूक जागी बसत. फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना कॉन बाद झाला. एकाच लढतीत आपल्याला दोन माणसे दिसतात: घायाळ प्रतिस्पर्धी पाहून आपली कला विसरलेला एक आणि तशाच क्षणी आपल्या कलेला अधिक घट्ट धरून राहिलेला दुसरा.

हा क्षण आतून कसा असतो, हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण आपल्या मुलाचा प्रश्न इथेच आहे असे मला वाटते. ठोसा वर्मी बसला की समोरच्याचे पाय आधी सांगतात: पावले सपाट पडतात, गुडघा लचकतो, तो मागे सरताना दिशा चुकतो. डोके वाचवण्यासाठी त्याचे दोन्ही हात आपोआप वर जातात, त्यामुळे पोट आणि बरगड्या उघड्या पडतात. नवखा खेळाडू त्या वर गेलेल्या हातांवरच दणादण ठोसे मारत राहतो आणि अर्ध्या मिनिटात स्वतःच धापा टाकू लागतो. जाणता खेळाडू आधी शरीरावर मारतो, हात खाली यायला लावतो आणि मगच डोक्याकडे वळतो. प्रत्येक ठोशात सगळे बळ तो ओतत नाही. दोन-तीन हलके ठोसे समोरच्याची नजर गुंतवतात आणि त्यांच्या आडून एक जड ठोसा येतो. फार जवळ तो जात नाही, कारण तिथे समोरचा मिठी मारून वेळ काढतो. फार लांबही राहत नाही. प्रतिस्पर्धी ज्या बाजूने निसटू पाहतो, ती वाट तो पावलाने आधीच अडवतो. आणि आपला गार्ड, म्हणजे बचावासाठी चेहऱ्यासमोर धरलेले हात, तो खाली येऊ देत नाही, कारण घायाळ माणसाचा शेवटचा आंधळा ठोसा सर्वांत धोक्याचा असतो.

घाई केल्यास काय होते, हे लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर 29 एप्रिल 2017 रोजी जगाने पाहिले. अँथनी जोशुआने पाचव्या फेरीत व्लादिमीर क्लिच्कोला खाली पाडले, त्याला संपवण्यासाठी इतके ठोसे फेकले की स्वतःचेच हात जड झाले आणि सहाव्या फेरीत तो स्वतः खाली गेला. पुढच्या काही फेऱ्या त्याने दम परत मिळवण्यात घालवल्या. अकराव्या फेरीत अपरकटने (खालून वर हनुवटीकडे मारलेल्या ठोशाने) क्लिच्कोचे डोके मागे फेकले गेले, तेव्हा मात्र तो नेमके मारत राहिला आणि पंचांनी लढत थांबवली. त्याची वृत्ती एका रात्रीत बदलली, असे कोण म्हणेल? बदलला तो विचार.

आता आपल्या मनातल्या न लिहिलेल्या शंकेबद्दल. आपला मुलगा कोमल मनाचा आहे, म्हणून तो या खेळाला अपात्र ठरतो का? 24 मार्च 1962 रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथने कोपऱ्यात अडकलेल्या बेनी पॅरेटवर ठोशांचा वर्षाव केला, पंच वेळेवर मध्ये पडले नाहीत आणि दहा दिवसांनी पॅरेटचा मृत्यू झाला. त्यानंतर आपण हात राखूनच खेळलो, असे ग्रिफिथने पुढे सांगितले. तरीही 1966 मध्ये डिक टायगरला हरवून तो मिडलवेट या मधल्या वजनगटाचा विश्वविजेता झाला. 1974 मध्ये किन्शासा येथे आठव्या फेरीत जॉर्ज फोरमन कोसळत असताना मुहम्मद अलीने उगारलेला उजवा हात तसाच रोखून धरला होता. पण हेही ध्यानात घ्यावे की त्याआधीचे सगळे ठोसे त्याने न कचरता मारले होते. थांबायचे कधी हे ठरवण्याचे काम पंचांचे आहे. पंच ‘थांबा’ म्हणेपर्यंत खेळणे आणि म्हणताच त्या क्षणी थांबणे, ही शिस्त मुलाच्या मनावर बिंबली, तर त्याच्या मनावरचे बरेच ओझे उतरेल.

शिवाय तो ज्या हौशी बॉक्सिंगमध्ये खेळतो, तिथे तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असतात, खेळाडू हलला की पंच आठपर्यंत मोजणी करतात आणि बहुतेक लढतींचा निकाल गुणांवर लागतो. या मार्गावर संपवण्याचे कौशल्य उपयोगी आहे. मात्र सगळी कारकीर्द त्यावर उभी राहत नाही.

बारावीची परीक्षा त्याने कोणत्याही परिस्थितीत नीट द्यावी. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी पदाची शैक्षणिक पात्रताही लागते, म्हणून स्पर्धांची प्रमाणपत्रे आणि अभ्यास दोन्ही सांभाळावे. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या मार्गाने सैन्यदलात जाऊन खेळता येते का, याचीही चौकशी करावी. पुढे प्रशिक्षक व्हावेसे वाटले, तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील पदविका हा चांगला रस्ता आहे.

सध्या मात्र एकच करावे. त्या लढतीचे चित्रीकरण आपल्याकडे असल्याचे आपण लिहिले आहे. हुक बसल्याच्या क्षणी ते थांबवून, प्रशिक्षकांच्या उपस्थितीत, मुलाला शांतपणे विचारावे की त्या वेळी त्याला समोरच्याचे काय दिसत होते. ‘पुढे काय मारावे ते सुचले नाही,’ असे तो म्हणाला, तर तो तंत्राचा प्रश्न आहे आणि वर सांगितलेला क्रम सरावाच्या टांगलेल्या बॅगवर, वीस-वीस सेकंदांच्या सरावाने काही महिन्यांत अंगवळणी पडू शकेल. ‘त्याला फार लागले, असे वाटले,’ असे म्हणाला, तर पंचांच्या जबाबदारीबद्दल त्याच्याशी बोलावे. आणि ‘मला कुणालाच मारायला आवडत नाही,’ असे तो म्हणाला, तर त्याचे ते म्हणणे कुणीही खोडून काढू नये; तसे असल्यास मला पुन्हा लिहावे आणि या वेळी पत्र त्याने स्वतः लिहावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक