कॅराव्हॅनचा (राहायची सोय असलेल्या गाडीचा) गॅस गीझर टिकटिक करून पेटतो आणि पाच-दहा सेकंदांत विझतो. काय बिघडलं असेल?

ज्योत पेटते म्हणजे स्पार्क आणि गॅस दोन्ही येताहेत. दोष बहुधा ज्योत ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडमध्ये (धातूची काडी; तिला ज्योत जाणवली नाही तर गीझर गॅस बंद करतो) किंवा बर्नरच्या नळीत आहे. आधी ज्योतीचा रंग बघा. पिवळी, फडफडती असेल तर नळीत पुरेशी हवा शिरत नाही. ऑस्ट्रेलियात गाडी महिनोन्महिने उभी राहिली की कुंभारमाशी किंवा कोळी नळीत घर करतात. मी सर्व्हिसिंग करताना सुपारीएवढे मातीचे गोळे काढलेत. निळी असेल तर इलेक्ट्रोडची काजळी, सैल वायर आणि १२ व्होल्टची बॅटरी तपासा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर पाइपात हवा असते, तीन-चारदा चालू करून बघा. मात्र गॅसचा जोड स्वतः उघडू नका, ऑस्ट्रेलियात ते काम परवानाधारक गॅसफिटरचंच. वास आला तर सिलिंडर लगेच बंद करा.