तुझ्या कथेतलं पाण्याचं यंत्र

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

बीडजवळचं गाव, साल २०७१, धरणं कोरडी, आणि बायकांनी उभं केलेलं हवेतून पाणी काढणारं यंत्र. ही कल्पना सोडू नकोस. पण तुझं यंत्र मे महिन्यात भर दुपारी हंडेच्या हंडे भरून देतं, तिथं कथा सैल पडते. आधी हिशेब मांड.

दुपारचं तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के धर. एक घनमीटर हवेत वाफेच्या रूपात सुमारे १० ग्रॅम पाणी असतं. त्यातलं निम्मं हाती लागलं तरी २० लिटरसाठी ४००० घनमीटर हवा यंत्रातून जायला हवी. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या १४० खोल्यांतली हवा झाली ही! शिवाय ती ४० वरून २-३ अंशांपर्यंत गार करायची. सगळी वीज तिथंच जाते. पहाटे हवा २५ अंशांवर आलेली असते, वाफ मात्र जवळपास तेवढीच राहते. गार करायचं काम पुष्कळ कमी होतं. म्हणजे दिवसा सौरवीज बॅटरीत साठवायची आणि यंत्र पहाटे तीनला चालवायचं.

आता बघ, पहाटे तीनला घराबाहेर पडणाऱ्या बाईला ‘कुठं निघालीस?’ असं कोण विचारतं? यंत्रापाशी राखणीला कोण झोपतं? तुझी कथा इथून सुरू होते.

बिघाडही खरा हवा. उन्हाळ्यातली धूळ जाळीत बसते, हवा कमी खेचली जाते, गार नळ्यांवर बर्फ धरतो आणि टाकीत थेंब पडत नाही. जाळी धुवायला, नळ्या वितळवायला पाना कुणाच्या हातात आहे? मिस्त्री तालुक्याहून येणार आणि नवऱ्याशीच बोलणार असेल, तर यंत्र बायकांचं कसं?

दुष्काळ समजावत बसू नकोस. मार्च २०१६ मध्ये लातूरच्या पाणवठ्यांवर जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तुझ्या वाचकांना ते आठवतं. तू वाटपाकडे वळ. आणीबाणीत माणशी रोज १५ लिटर ही किमान गरज धरतात. चाळीस बायांना ६०० लिटर. वहीत नावं कुणाची लिहायची? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजतात, बाईचं वेगळं नावच नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात. त्याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. तुझ्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर ती खूण असणार, त्यांना तिच्याबद्दल बोलू दे.

एक गोष्ट मला मनापासून खटकली. रोगाची साथ आणून तू सगळे पुरुष मारून टाकलेस. त्यानं प्रश्न सुटत नाही, नुसता पळून जातो. त्यांना गावात राहू दे. आणि खरा पेच बायकांमध्येच घाल: एकीला आज पाच लिटर जास्त हवेत, कारण सांगायचं नाही. पाळी असेल, गर्भ पडला असेल, नाहीतर नुसतं न्हायचं असेल. वही धरणारी तिला कारण विचारते. ती सांगत नाही, आणि मागं रांग थांबलेली असते.

तो प्रसंग सगळ्यात आधी लिही. यंत्राचे आकडे तुझ्या वहीत सगळे असू देत, कथेत दोन-तीनच. पावसाळ्याआधी खर्डा पाठव.