परिसर फेरी लांबली तर लांबू दे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस, गावात बघण्यासारखं काही नाही आणि परिसर फेरीला निघालं की तुझ्या बालवाडीतली मुलं दहा पावलांवर बसकण मारतात, ओढ्यापर्यंत पोचणंच होत नाही. मग नको पोचूस. मुलं बसली आहेत म्हणजे तिथे बघण्यासारखं काहीतरी आहे.

तीन-चार वर्षांचं मूल उंचीला जेमतेम तीन-सव्वातीन फूट. तुला समोरचा रस्ता दिसतो, त्याला कडेची माती. ते जिथे बसेल तिथे तूही उकिडवी बस. कपडे मळतील, मळू देत.

आता मृग लागलाय. चांगल्या एक-दोन सरी झाल्या की मृगाचे किडे वर येतील. वर्षाचा बहुतेक काळ हा जीव मातीखाली काढतो, जमीन भिजली की थोडेच दिवस बाहेर दिसतो. लालभडक, अंगभर मखमल. म्हणायचं किडा, पण पाय मोज, आठ भरतील. तो कोळ्याच्या नात्यातला. तळहातावर घेतला की पाय पोटाशी ओढून निपचित पडतो. थांबलीस तर पुन्हा चालू लागतो. तेवढं थांबणं मुलांना जमतं, घाई आपल्यालाच असते. बघून झालं की जिथून उचलला तिथेच सोडायचा, हे मात्र पहिल्या दिवसापासून.

आणि "हे काय आहे, सांगा बरं?" असं लगेच विचारू नकोस गं. विचारलंस की त्यांची नजर किड्यावरून उठून तुझ्या चेहऱ्यावर येते. बघणं तिथेच थांबतं, उत्तर शोधणं सुरू होतं. नाव उद्या सांगितलंस तरी चालेल.

भाद्रपदात गौरीसाठी आपण तेरडा मुळासकट उपटून आणतो, पण त्याच्या शेंगेकडे कितीजण बघतात? फुगलेली हिरवी शेंग मुलाच्या चिमटीत दे. हलकासा दाब पडला की तिच्या पट्ट्या झटकन गुंडाळतात, बिया उडतात. मूल दचकतं, हसतं आणि दुसरी शेंग शोधायला धावतं. तूही फोडून बघ. फोटो काढत बसू नकोस.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडीचं काम उभं केलं, ते बिया, शिंपले, पानं, खडे घेऊन. विकतची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती हे खरं, पण त्यामुळे मुलाने खिशातून आणलेल्या खड्याला वर्गात मान मिळाला. मला तेच मोठं वाटतं. तुझ्याकडे कुणी गोगलगाईचा रिकामा शंख आणला तर "टाक तो" म्हणू नकोस. खिडकीत जागा कर.

अंगणात गुलबक्षी लावायचं म्हणतेस, पण ती उमलते संध्याकाळी, मुलं घरी गेल्यावर. त्यापेक्षा कुंपणाकडेला लाजाळू लाव, काटे बारीक असतात तेवढं सांभाळ. पुढच्या पत्रात मुलांनी तुला काय काय दाखवलं ते सविस्तर लिही.

तुझी,
बाई